वेळेच्या कांठचें तळेगांव

पुणें जिल्ह्यांत तळेगांवें दोन आहेत. एक दाभाड्यांचें आणि दुसरें ढमढेऱ्यांचें. पहिलें मुंबईच्या वाटेवर, दुसरें नगरच्या वाटेपासून थोडें आंत, वेळ नदीच्या कांठीं. परका माणूस "तळेगांव" म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत बहुधा दाभाड्यांचें असतें. आमच्या घरांत मात्र तें ढमढेऱ्यांचेंच, कारण माझी आत्या तेथें दिलेली आहे. १९७३ सालीं तिच्या मुलाच्या मुंजीला आमचे एक चुलत आजोबा मुंबईहून आगगाडीनें निघाले, स्टेशनवरची पाटी वाचून तळेगांवास उतरले आणि हातांत आहेराची पिशवी घेऊन मुंजीचें घर विचारीत हिंडूं लागले. दोन तळेगांवांमध्यें चाकणवरून गेलें तरी पन्नासावर किलोमीटर अंतर आहे. बटूची भिक्षावळ आटोपून मांडवांतल्या सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या, तेव्हां ते धुळीनें माखून दारांत उभे राहिले. शेवटपर्यंत ते हेंच म्हणत, "चूक माझी नव्हे, आगगाडीची. तिनें भलत्याच तळेगांवांत स्टेशन केलें!"

ह्या गोष्टीला आम्हीं पुष्कळ हंसलों आहोंत; परंतु आजोबांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. जी. आय. पी. कंपनीचा खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजीं खुला झाला आणि दाभाड्यांचें तळेगांव त्याच्या वाटेवर आलें. पुण्याच्या पुढें रूळ गेले ते सोलापूरच्या रोखानें, आग्नेयेकडे. नगरला आगगाडी मिळाली ती १८७८ सालीं, दौंड-मनमाड मार्गानें. म्हणजे पुण्याहून नगरास आगगाडीनें जावयाचें तर आधीं दौंड गांठावें आणि मग उत्तरेस वळावें. त्रिकोणाच्या दोन बाजू चालाव्या. तिसरी बाजू, जिच्यावर वाघोली, कोरेगांव, शिक्रापूर आणि शिरूर हीं गांवें आहेत, ती रस्त्याच्या वांट्यास राहिली. १७५१ च्या अखेरीस निजाम सलाबतजंग आणि त्याचा फ्रेंच सेनानी बुसी हे पुण्यावर चालून आले तेव्हां त्यांनीं तळेगांव ढमढेरें उद्ध्वस्त केलें, असें ग्रँट डफनें लिहून ठेवलें आहे. फौजेला हें गांव सांपडलें, रुळांना मात्र सांपडलें नाहीं.

रस्ता मात्र मानाचा. आज ज्या लाल गाडीवांचून महाराष्ट्राच्या खेड्याचें पान हलत नाहीं, त्या एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं ह्याच नगर-पुणें रस्त्यावरून धांवली. लाकडी सांगाडा आणि काथ्याच्या गाद्या, असें तिचें रूप होतें. आत्याचा संसार ह्या गाडीच्या वेळापत्रकावर झाला. बाजार, दवाखाना, माहेर, सारें गाडीच्या वेळेनें. ती नेहमी म्हणते, "आमच्या गांवाला वेळ भरपूर आहे रे, नदीच तिच्या नांवाची, गाडी तेवढी नाहीं."

गेल्या मार्गशीर्षांत, म्हणजे २०२५ च्या डिसेंबरांत, आत्याचा फोन आला. "धाकटीचा प्रश्न आहे. रविवारीं येथें असावास. घरांतलीं सारीं बोलतात आणि ऐकत कोणीच नाहीं." धाकटी म्हणजे माझ्या आतेभावाची मुलगी, वय चोवीस. गेल्या जूनपासून ती पुण्यांत डेक्कनच्या बाजूला एका संस्थेंत जुन्या कागदपत्रांची सूचि करण्याचें काम करते. मोडी तिला आमच्यापेक्षां बरी वाचतां येते, आणि हें काम तिला हवें तसें मिळालेलें आहे.

शनिवारीं दुपारीं मी निघालों. पुण्याच्या मेट्रोचा वनाज ते रामवाडी हा मार्ग आतां आम्हां पेठकरांच्या अंगवळणीं पडला आहे. ६ मार्च २०२२ रोजीं तो वनाजपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ ला रुबी हॉलपर्यंत गेला आणि ६ मार्च २०२४ ला रामवाडीस टेकला. तेथें रूळ संपतात आणि खरा प्रवास सुरू होतो. रामवाडीखालीं उतरून नगर रस्त्यावर उभें राहिलें म्हणजे शहर कोठें संपतें हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं, हें कळतें. खराडीच्या उंच इमारती, त्यांच्या पायथ्याशीं भाजीच्या हातगाड्या, कारखान्यांच्या कामगारांना नेणाऱ्या मोठ्या बसगाड्या, संभाजीनगराकडे जाणारे मालट्रक, ह्या साऱ्यांना एकच रस्ता. तो रुंद आहे. पण रुंदीला कांहीं सीमा असते.

वाघोली तर पूर्वीं पिलाजीराव जाधवरावांची वाघोली म्हणून सांगितली जाई. शाहू महाराजांच्या काळचे हे मोठे सरदार; त्यांची समाधि तेथें आहे आणि वाघेश्वराचें देऊळ आहे. २०२१ सालीं गांव पुणें महानगरपालिकेंत आलें. आतां बसच्या खिडकींतून देवळाचें शिखर शोधावें लागतें, आणि शोधण्यास सवडही भरपूर मिळते, कारण बस हलत नाहीं. माझ्या शेजारीं बसलेल्या एका शेतकऱ्यानें वाघोलींत डोळे मिटले आणि एक झोंप काढून उघडले, तेव्हांही आम्ही वाघोलींतच होतों. त्यानें विचारलें, "लोणीकंद आलं का?" मीं सांगितलें, "नाहीं." "मग ठीक आहे," म्हणून त्यानें पुन्हां डोळे मिटले.

लोणीकंद मागें पडलें म्हणजे हवा पालटते. डावीकडे तुळापूरची वाट फुटते. भीमा, भामा आणि इंद्रायणी ह्यांचा तेथें संगम आहे, आणि १६८९ सालीं संभाजी महाराजांच्या देहान्ताशीं तें स्थान जोडलेलें आहे. पुढें पेरणे फाट्यावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ दिसतो, मग भीमेचा पूल, मग कोरेगांव. एवढ्या थोड्या मैलांत महाराष्ट्राचा इतका इतिहास घडला, कीं प्रत्येक फाट्यावर उतरावेंसें वाटतें. मी आजवर दोनदांच उतरलों आहें. सणसवाडीचे कारखाने संपले कीं शिक्रापूर. येथें चाकणकडून येणारा हमरस्ता नगर रस्त्याला छेदून न्हावऱ्याकडे जातो. गंमत अशी कीं हा रस्ता मुळांत दाभाड्यांच्या तळेगांवाहून निघालेला आहे. आजोबा आज असते तर त्यांना स्टेशनवरून सरळ मुंजीच्या मांडवापर्यंत एकच रस्ता मिळाला असता.

शिक्रापूरहून तळेगांव चार-पांच किलोमीटर. वडाप जीपमध्यें मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसावें लागतें. दोन्हीं बाजूंना ऊंस. चासकमानच्या कालव्याचें पाणी ह्या तालुक्यांत आल्यापासून ज्वारी मागें सरली आहे. तरी आत्याच्या परसापलीकडे थोडें ज्वारीचें रान राखलेलें आहे, केवळ हुरड्यासाठीं. गांवांत जुन्या वाड्यांच्या भिंती आहेत. कांहींचे दरवाजे शाबूत आणि आंत झाडें, कांहींचें उलट. हायस्कूल आहे, महाविद्यालय आहे, आठवड्याचा बाजार मोठा भरतो. हें खेडें नव्हे, शहरही नव्हे. एकेकाळीं महत्त्व असलेलें आणि तें न विसरलेलें असें गांव आहे.

रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर सभा भरली. हकीकत अशी. धाकटी सकाळीं पांचला उठते आणि सहाला निघते. जीपनें शिक्रापूर, तेथून बसनें वाघोली, दुसऱ्या बसनें रामवाडी, मग मेट्रो. रामवाडीपासून पुढची मेट्रोची वाट पंचवीस मिनिटांच्या आंत-बाहेर. त्याआधींची दोन तासांची, आणि ती नशिबानें. नोव्हेंबरांत एका रात्रीं वाघोलीला रस्ता तुंबला. शिक्रापुरास पोंचली तेव्हां शेवटची जीप निघून गेली होती. दादा मोटरसायकल घेऊन गेला. घरीं आलीं तेव्हां सव्वाअकरा वाजले होते. त्या रात्रीपासून वहिनीला झोंप लागत नाहीं.

दादाचें मत, पुण्यांत खोली घ्यावी. वहिनीचें मत, नोकरी सोडून रांजणगांवच्या वसाहतींत एखादें काम पाहावें. घरापासून जवळ तरी. धाकटीला दोन्हीं नकोत. अनोळखी घरांत एकटीनें राहण्यास तिची ना नव्हती, पण अर्धा पगार भाड्यांत जाणार. आणि रांजणगांवास मोडी वाचण्यास कोण देणार? तिनें कपाटाच्या दाराला आंतून एक नकाशा चिकटवला होता. २५ जून २०२५ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मेट्रोच्या ह्या मार्गाच्या दोन्हीं टोकांच्या वाढीस मंजुरी दिली, त्याचा तो नकाशा. "चार वर्षांचा प्रश्न आहे, काका," ती म्हणाली. "तोंवर मी काढीन असेच दिवस."

माझ्याकडे सर्वांनीं पाहिलें. अशा वेळीं ज्याला थोडें ठाऊक असतें तो पुष्कळ बोलतो, मीही बोललों. वनाजकडून चांदणी चौकापर्यंत आणि रामवाडीकडून वाघोलीच्या विठ्ठलवाडीपर्यंत, मिळून १२.७५ किलोमीटर वाढ आणि १३ नवीं स्थानकें; त्यांपैकीं आपल्या बाजूला ११.६३ किलोमीटर आणि ११ स्थानकें. विमाननगर, खराडी बायपास, वाघेश्वर मंदिर, वाघोली, बकोरी फाटा, विठ्ठलवाडी अशीं नांवें. खर्च ३,६२६ कोटींच्या वर. केंद्र, राज्य आणि बाहेरचे कर्जदाते ह्यांनीं तो समान वांटून घ्यावयाचा. मुदत चार वर्षांची. शहराच्या पोटांत मार्ग जमिनीखालून न्यावा लागतो, कारण वर पेठा आहेत. नगर रस्त्यावर तो खांबांवरून जाणार, कारण तेथें वर आकाश मोकळें आहे आणि भुयाराचा खर्च कित्येक पटींनीं वाढतो. हें सारें मीं सांगितलें. लंडनला जमिनीखालची पहिली आगगाडी १० जानेवारी १८६३ रोजीं धांवली आणि त्याच वर्षीं आपल्या बोरघाटांतून रूळ पार झाले, हेंही सांगितलें. त्याची गरज नव्हती.

"पण विठ्ठलवाडीहून येथवर?" आत्यानें विचारलें.

वीस किलोमीटरांहून अधिक उरतातच. येथें मला जें खरोखर वाटतें तें बोललों. लोहमार्ग वाढला म्हणजे गांव जवळ येतें असें नाहीं. त्याच्या शेवटच्या स्थानकाशीं दुसरी गाडी येऊन टेकली तर येतें. शिक्रापूरची बस जिन्याच्या तोंडाशीं उभी राहिली आणि दर पंधरा मिनिटांनीं सुटली, तर धाकटीचा एक तास वांचेल. उतारूला अर्धा फर्लांग धुळींतून चालत जाऊन रस्ता ओलांडावा लागला, तर त्याच चांगल्या मार्गाचें निम्मे पुण्य व्यर्थ. शिवाय मालट्रक कांहीं मेट्रोंत बसणार नाहींत; वाघोलीची कोंडी सैल होईल, सुटणार नाहीं. जागांचे भाव मात्र रूळ पडण्याआधींच धांवूं लागतात, त्यांना स्थानक लागत नाहीं.

आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनें सर्व ऐकलें आणि म्हणाली, "मला उद्यां ती भुयारांतली गाडी दाखव. मग काय तें सांगेन."

रविवारीं सकाळीं दादाच्या मोटारींतून आम्ही तिघें निघालों. मी, आत्या, धाकटी. आत्यानें मनगटाला घड्याळ बांधलें आणि दिनदर्शिकेचें फाडलेलें पान व पेन्सिल बरोबर घेतली. तळेगांव, आठ वाजून पांच मिनिटें. शिक्रापूर, आठ-वीस. वाघोली, नऊ-पांच. रामवाडी, दहाला दहा कमी. रविवार म्हणून एवढें लवकर, असें धाकटी म्हणाली. दादा मोटार घेऊन परतला. उद्वाहकानें वर जाऊन आम्ही गाडींत बसलों. बंडगार्डनजवळ गाडी मुळा-मुठा ओलांडूं लागली तेव्हां आत्यानें खिडकीला कपाळ लावलें, पण बोलली नाहीं. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर कागदांत आंकडा पडला: सतरा मिनिटें.

येथें मार्ग बदलावयाचा. वरचा मार्ग खांबांवर आणि खालचा पृथ्वीच्या पोटांत, सुमारें ३३ मीटर खोल. एकामागून एक सरकते जिने. आत्यानें पहिल्यावर पाऊल टाकण्यापूर्वीं पदर खोंचून घेतला आणि धाकटीचा हात धरला; तिसऱ्यावर सोडला. वरच्या झरोक्यांतून दिवसाचा उजेड थेट तळाशीं उतरतो, हें पाहून ती म्हणाली, "वाड्याच्या चौकासारखें केलें आहे." पुढें गाडी मुठा नदीच्या तळाखालून जाते. ज्या यंत्रांनीं हीं भुयारें कोरलीं त्यांना मुळा आणि मुठा हींच नांवें दिलीं होतीं, असें मीं सांगितलें. "नद्यांनींच नदीखालून वाट केली म्हण कीं," आत्या म्हणाली. कसबा पेठ आली आणि गेली. मग मंडई.

आत्याचा जन्म शुक्रवार पेठेंतला. मंडईची ती दगडी इमारत १८८६ ची. लहानपणीं ती तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, हात धरून तेथें भाजीला येई. भुयारांतून वर येऊन तिनें मंडईचा मनोरा पाहिला, आणि स्थानकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. कागद काढून तिनें बेरीज केली.

"रामवाडीपासून येथवर, चढउतार धरून, अर्धा तास. रामवाडीपर्यंत पावणेदोन, तेंही स्वतःच्या मोटारींतून आणि रविवारीं." मग कांहीं वेळानें, "धाकटे, तुला सांगितलें नाहीं कधीं. लग्नाआधीं मी मुलींच्या शाळेंत शिकवीत होतें. लग्नानंतर दोन महिने तळेगांवाहून येऊन पाहिलें. सकाळचा स्वयंपाक उरकून सहाची गाडी गांठायची. कोणी सोड म्हणालें नाहीं हो. सासूबाई चांगल्या होत्या. एक दिवस गाडी चुकली, दुसरे दिवशीं चुकली, तिसरे दिवशीं मीच राजीनामा लिहिला. त्यांत 'घरगुती कारणानें' असें लिहिलें. कारण घरगुती नव्हतें. चाळीस किलोमीटर होतें."

धाकटी तिच्याकडे पाहत राहिली. मला ही गोष्ट साठ वर्षांत ठाऊक नव्हती. आमच्या वडिलांना ठाऊक असावी.

"चार वर्षें म्हणतात ना? मी शहाऐंशीची होईन," आत्या पुढें म्हणाली. "त्यांना काय उशीर लागायचा तो लागो. तूं रोज पांच तास रस्त्याला द्यायचे नाहींत. रात्रीं सव्वाअकराला तुझी आई दारांत उभी, हें दुसऱ्यांदा नको. आणि नोकरीही सोडायची नाहीं." मग ती माझ्याकडे वळली. "काल तूं तासभर मेट्रो सांगितलीस. लंडनची सांगितलीस. तुझ्या घरीं मागची खोली रिकामी आहे, तें तेवढें सांगितलें नाहींस."

वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. ती खोली रिकामी नव्हती; तींत माझीं पुस्तकें, मासिकांचे गठ्ठे आणि एक मोडका पेटीहार्मोनियम होता. रामवाडीस उतरल्यापासून ती खोली माझ्या डोळ्यांपुढें होती, आणि ओटीवर जितक्या वेळां वहिनीनें माझ्याकडे पाहिलें तितक्या वेळां मीं आणखी एक स्थानक सांगितलें होतें. वहिनी मानी आहे. ती स्वतः कधीं विचारती ना. घरीं पत्नीला विचारलें पाहिजे, असें मीं म्हणालों. आत्या म्हणाली, "तिला मीं शुक्रवारींच विचारलें. ती म्हणाली, पुस्तकें हालवायला हे तयार झाले तर माझी ना नाहीं."

धाकटी पौषाच्या पहिल्या सोमवारीं आली. बरोबर एक ट्रंक, एक मोडी लिपीचें पुस्तक, आणि वहिनीनें दिलेला हुरड्याच्या चटणीचा डबा. पुस्तकांचे गठ्ठे आतां माझ्या खाटेखालीं आहेत. मी आडवा झालों कीं मनोरंजनाचे अंक पाठीला जाणवतात असें वाटतें. नकाशा तिनें आमच्या कपाटाच्या दारावर आंतून लावला आहे. विठ्ठलवाडीच्या पुढें तिनें पेन्सिलीनें तुटक रेघ ओढली आहे आणि तिच्यावर बारीक अक्षरांत लोणीकंद, कोरेगांव, सणसवाडी, शिक्रापूर असें लिहिलें आहे; शेवटचें नांव मोडींत आहे.

दर शनिवारीं दुपारीं ती घरीं जाते. संध्याकाळीं पांचच्या सुमारास आमचा फोन वाजतो. आत्या माझी प्रकृति विचारीत नाहीं, पत्नीची विचारीत नाहीं, एवढेंच विचारते, "वाघोली सुटली का रे?"